चार नंबर कॅमेऱ्यातल्या कोंबड्या

"वहिनी, फोल्डर भरेल दिसनं तं घाबरू नका. पन रिकामं दिसनं तं खूश बी व्हऊ नका. रिकामं का शे, ते पहिले देखा."

प्रेमचंदभाऊंनी हे मला शिडीवरून सांगितलं होतं, ओठांत दोन स्क्रू धरून. नवापुरात त्यांचं कॅमेरे आणि मोबाइल दुरुस्तीचं दुकान आहे. वय पन्नाशीच्या पुढे, बोलणं अहिराणी, आणि प्रत्येक सल्ल्यानंतर चहाची आठवण. मी "हो हो" म्हटलं आणि चहा टाकायला आत गेले. ओठांत स्क्रू धरून बोलणाऱ्या माणसाचं किती मनावर घ्यायचं? शिवाय मी बी.एस्सी. झालेली. रिकामी जागा ही चांगली गोष्ट असते, हे कळायला मला प्रेमचंदभाऊ नको होते.

कॅमेरे आमच्याकडे कसे आले ते सांगते. माझा नवरा दानियल एका पोल्ट्री फार्मवर सुपरवायझर आहे. मालकाने शेडमध्ये नवे कॅमेरे बसवले आणि जुने सहा, त्यांच्या कॉम्प्युटरसकट, दानियलला देऊन टाकले. लोकांचे नवरे नाताळला साडी आणतात. माझ्या नवऱ्याने सहा डोळे आणले. आणि खरं सांगू, मला साडीपेक्षा जास्त आनंद झाला.

कारण रिना तेव्हा अकरा महिन्यांची होती. रांगायची, आणि जे सापडेल ते तोंडात घालायची. शेंगदाण्याचं टरफल, माझ्या सासूबाईंचं जपमाळेसारखं जपलेलं बटण, एकदा तर जिवंत मुंगळा. मी स्वयंपाकघरात असले की ती बाहेरच्या ओट्यावर काय गिळतेय याची धास्ती, आणि मी ओट्यावर असले की गॅसवर काय उतू जातंय याची. सासूबाई, म्हणजे मंगळीबाई, म्हणायच्या, "मी सहा पोरं वाढवली, विजेवर चालणारा डोळा कधी लागला नाही." पण मला रात्री स्वप्नंसुद्धा मुंगळ्यांची पडत होती.

तर सहा कॅमेरे लागले. एक नंबर पाळण्यावर, दोन स्वयंपाकघरात, तीन ओट्यावर, पाच मागच्या दाराला, सहा फाटकाला. चार नंबरचं वेगळं आहे, ते पुढे येतं. कॉम्प्युटर ठेवला शिलाई मशीनवर, कारण घरात तेवढीच सपाट जागा रिकामी होती. प्रेमचंदभाऊंनी तो असा लावून दिला, की कॅमेऱ्यासमोर काही हललं तरच रेकॉर्डिंग व्हावं, हलायचं थांबलं की बंद. प्रत्येक कॅमेऱ्याचं एक फोल्डर, त्यात त्या त्या तारखेचं एकेक. खाली एक पट्टी, डिस्कमध्ये जागा असली की हिरवी, भरत आली की लाल. आणि पूर्ण भरली की कॉम्प्युटर कोणाला न विचारता सगळ्यात जुनं पुसून त्याच्यावर नवं लिहायला घेतो.

आता चार नंबर. आमचं घर गावाच्या टोकाला, डोंगराच्या अंगाला. आमच्याकडे घरं एकमेकांना चिकटलेली नसतात, ज्याचं घर त्याच्या शेतात. आमच्या फाटकासमोर गाडीवाट, वाटेपलीकडे दिवलीबाईचं घर, आणि त्यानंतरचं घर थेट दोन शेतं सोडून. दिवलीबाई सत्तरीची, एकटी राहते. तिचा मुलगा भिला बायकोपोरांना घेऊन सुरतेला असतो, साड्यांच्या कारखान्यात. होळीला आला तेव्हा तो आमच्या अंगणात उभा राहून एकेक कॅमेरा बोटाने मोजत होता.

"वहिनी, सहा आहेत तुमच्याकडे. एक आईच्या दाराकडे वळवा ना. ती फोन उचलत नाही. तिच्यासाठी फोन म्हणजे बॅटरी. पेटवते, कोंबड्या मोजते, विझवते."

"सुरतेला का नेत नाहीस?"

"मी तयारच आहे हो. ती म्हणते, तिसऱ्या मजल्यावर कोंबड्या कुठे चरतील?"

मी पटकन शब्द देऊन टाकला. "रोज बघीन मी. तू काळजी करू नकोस." दुसऱ्याच्या काळज्याही आपल्याकडे घेण्याची मला हौस आहे. घरच्या पुरत नाहीत जणू.

कॅमेरा वळवला. दिवलीबाई स्वतःला बघायला आली. आम्ही घरात मावची बोलतो, इथे मराठीत लिहिते.

"यात मी कुठे आहे?" तिने विचारलं.

"मावशी, तू इथे आहेस ना, माझ्या शेजारी."

"मग माझं दार कोण बघतंय?"

"कॅमेरा बघतोय. आणि कॅमेऱ्यातून मी."

"आणि मला तिथून तू दिसशील?"

"नाही. मीच फक्त तुला बघणार."

तिने थोडा विचार केला. "हे काही बरोबर नाही. पण चालेल. एकटीला बरं."

त्या दिवसापासून दर रविवारी साडेबाराला, आम्ही चर्चमधून परत आलो की, भिलाचा फोन यायचा. "वहिनी, आई दिसली का?" मी म्हणायचे, "दिसली." आणि ती दिसायचीच. कारण दिवलीबाईच्या दाराशी दिवसभर हालचालच हालचाल. फक्त ती दिवलीबाईची नसायची.

दिवलीबाईकडे अकरा गावठी कोंबड्या आहेत. आणि भुऱ्या नावाचा एक कोंबडा, जो स्वतःला तालुक्याचा मामलेदार समजतो. सकाळी दार उघडलं की ही वरात बाहेर. एकीने मान हलवली, रेकॉर्डिंग सुरू. दुसरीने उकिरडा उकरला, रेकॉर्डिंग सुरू. भुऱ्या नुसता उभा राहिला तरी त्याचा तुरा हलायचा. प्रेमचंदभाऊ म्हणाले होते तसे या कॅमेऱ्यांनी जन्मभर कोंबड्याच बघितल्या होत्या, आणि निवृत्तीनंतरही बिचाऱ्यांची सुटका नव्हती.

मी हिशोब काढला. पाळण्याचा कॅमेरा दिवसाला दीड जीबी. चार नंबर, नऊ जीबी. डिस्क जुनी, जेमतेम शंभर जीबीची. पट्टी कायम लाल.

मग मी रोज दुपारी, रिना झोपली की, शिलाई मशीनसमोर बसून साफसफाई करायला लागले. चार नंबरचं फोल्डर उघडायचं, मोठ्या फाइली वर घ्यायच्या, एका दमात निवडायच्या, पुसायच्या. बघायला वेळ कोणाला? कोंबड्याच तर असायच्या. दानियल जेवताना म्हणायचा, "मी दिवसभर कोंबड्यांची विष्ठा साफ करून घेतो, तू त्यांच्या फिल्मा साफ करतेस. देवाने जोडी जमवली."

तरी चाललं असतं. पण मग पावलांचं झालं.

एका सोमवारी सकाळी मी भाकरी थापत होते. बाहेरून सासूबाई ओरडल्या, "लिडिया! चालली, चालली!" मी पिठाच्या हातांनी धावले, तोवर रिना खाली बसून टाळ्या वाजवत होती. खांबापासून आजीपर्यंत, चार पावलं. पहिली. मी रडकुंडीला आले. मग आठवलं, वर कॅमेरा आहे! तीन नंबर! सगळं टिपलं गेलं असणार. मी हात धुतले, निवांत झाले. सवडीने काढून ठेवू म्हटलं.

सवड मिळाली बाराव्या दिवशी. तोपर्यंत मी नेमाने साफसफाई करत होते, पण मधले दोन दिवस रिनाला ताप होता आणि कॉम्प्युटरकडे बघितलंच नव्हतं. त्या दोन दिवसांत डिस्क गच्च भरली होती आणि कॉम्प्युटरने सगळ्यात जुनं पुसून टाकलं होतं. तो सोमवार गेला होता. त्या जागी काय आलं ते मी उघडून बघितलं. भुऱ्या पंख झटकत होता. अकरा मिनिटं.

मी प्रेमचंदभाऊंना फोन लावला. ते म्हणाले, "वहिनी, जे गयं ते गयं. आते कॅमेरा फिरवा, नहीतं कोंबडीस्ले कोंडा."

कॅमेरा फिरवणं म्हणजे भिलाला दिलेला शब्द मोडणं. म्हणून मी रिनाला काखेत घेतलं आणि गाडीवाट ओलांडून दिवलीबाईकडे गेले. ती दारात बसून तांदूळ पाखडत होती.

"मावशी, कोंबड्या दिवसभर मोकळ्या सोडू नकोस ना. डालग्याखाली ठेव. संध्याकाळी सोड घटकाभर."

"का? घार आली का?"

"नाही. माझ्या कॉम्प्युटरमध्ये जागा पुरत नाही."

तिने सूप खाली ठेवलं. "माझ्या कोंबड्या माझ्या दारात. तुझ्या डब्यात कशाला घुसतील?"

मी समजावलं. हलणं, रेकॉर्डिंग, फोल्डर, डिस्क. ती ऐकत होती आणि भुऱ्या माझ्या पैंजणावर चोच मारत होता. शेवटी मी म्हटलं, "मावशी, रिनाची पहिली पावलं होती त्यात. या कोंबड्यांमुळे गेली."

दिवलीबाईने रिनाकडे बघितलं, मग भुऱ्याकडे. "खाल्ली? पोरीची पावलं?"

"तसंच समज."

"मग कोंडते," ती म्हणाली. "दाणे खा म्हटलं होतं यांना, पावलं नाही."

आणि तिने कोंडल्या. दुसऱ्या दिवसापासून दारातून वरात बाहेर पडली नाही. मोठं बांबूचं डालगं, वर दगड. रात्रीसारख्याच दिवसाही कोंबड्या घरातच. संध्याकाळी पाच ते सहा सुटका, मग मोजून पुन्हा आत. चार नंबर दिवसाला नऊवरून अर्ध्या जीबीवर आला. तेवढी आता खरंच दिवलीबाई असायची. पाणी आणताना, सरपण उचलताना. पट्टी हिरवी झाली. मला इतका आनंद बी.एस्सी.च्या निकालालाही झाला नव्हता.

मी भिलाला फोनवर म्हटलंसुद्धा, "आता आईच दिसते, कोंबड्या नाहीत." तो म्हणाला, "वहिनी, तुम्ही आहात म्हणून मी इथे झोपतो." हे वाक्य मी फार अभिमानाने दानियलला सांगितलं. दोनदा.

आता तो शनिवार. सासूबाई शुक्रवारीच खांडबाऱ्याला माझ्या नणंदेकडे गेल्या होत्या. घरात मी आणि रिना. दुपारी मी साफसफाईला बसले. चार नंबर उघडला तर शनिवारचं फोल्डरच नाही. एक फाइल नाही. शून्य.

मी टाळी वाजवली. खरंच वाजवली. रिना जागी झाली आणि तिनेही वाजवली. मी दानियलला फोन लावला, "चार नंबर आज शून्य!"

"अभिनंदन," तो म्हणाला. त्याच्यामागे पाच हजार ब्रॉयलर कलकलत होत्या. "आता रिनाला सांग, पळ म्हणावं. जागा आहे."

पलीकडून दिवलीबाईच्या कोंबड्यांचाही कालवा ऐकू येत होता. मला वाटलं, कैद्यांचा मोर्चा निघालाय. दोन दिवसांत गप्प बसतील. मी मोकळ्या झालेल्या जागेत रिनाचे जुने व्हिडिओ मोबाइलमधून भरत बसले.

रविवारी सकाळी आम्ही चर्चला गेलो. सासूबाई खांडबाऱ्याहून परस्पर तिथेच आल्या. परत येऊन मी रिनाचे बूट काढते न काढते तोच साडेबारा वाजले, फोन वाजला.

"वहिनी, आई दिसली का?"

"दिसली, दिसली. मजेत आहे." हे माझ्या तोंडातून आपोआप निघालं. आठवडेच्या आठवडे तेच उत्तर होतं.

"मी हिरवं लुगडं पाठवलं होतं ना गुरुवारी, खात्याच्या हाती. नेसली का ते? बघा ना जरा."

खात्या म्हणजे त्याचा मेव्हणा, सुरतेहून येत-जात असतो. मी म्हटलं, "थांब, बघून सांगते," आणि फोन कानाला लावूनच चार नंबर उघडला.

रविवार नाही. शनिवार नाही. शुक्रवार संध्याकाळची शेवटची फाइल, सहा वाजून बारा मिनिटं. त्यानंतर काही नाही. सरपणाला नाही, पाण्याला नाही, पाच ते सहाच्या सुटकेला नाही. दीड दिवस त्या दारासमोर काहीच हललं नव्हतं. आणि मी टाळी वाजवली होती.

"वहिनी?"

"भिलाभाऊ, मी लगेच फोन करते."

तेवढ्यात अंगणातून सासूबाईंचा आवाज. "लिडिया, दिवलीच्या कोंबड्या का ओरडताहेत?"

"कोंडल्यात, आई. मीच सांगितलं होतं..."

"कोंडलेली कोंबडी अशी ओरडत नाही. ही भुकेची ओरड आहे. आणि तिच्या चुलीचा धूर कुठे आहे?"

"कॅमेऱ्यात धूर तसा..."

"मी तुझ्या कॅमेऱ्याचं विचारत नाही," सासूबाई म्हणाल्या, आणि चपला न घालताच गाडीवाट ओलांडायला लागल्या. गुडघे दुखतात म्हणून त्या एरवी फाटकापर्यंतही जात नाहीत.

मी रिनाला उचललं आणि धावले. दानियल माझ्या पुढे गेला. दार आतून लावलेलं. त्याने खांद्याने दोनदा ढकललं, तिसऱ्यांदा कडी सुटली आणि दार उघडलं. आत अंधार, कोंबड्यांचा कल्ला, आणि चुलीशेजारी जमिनीवर दिवलीबाई. एक पाय असा वळलेला की मी रिनाचे डोळे झाकले. स्वतःचे झाकायला हात उरला नाही.

"आलीस का?" दिवलीबाईने विचारलं. आवाज खरखरीत, पण चांगला रागावलेला. "पाणी दे. आधी त्यांना, मग मला."

आम्ही अर्थातच आधी तिला दिलं. ती शनिवारी पहाटे उठताना कोंबड्यांच्या पाण्याच्या ताटलीवर घसरली होती. दिवसाही कोंडायचं म्हणून ती ताटली मुद्दाम घरात ठेवलेली. नडगीतून काहीतरी मोडल्याचा आवाज झाला आणि मग उठता आलं नाही. हातांवर सरकत ती डालग्यापर्यंत गेली होती. त्याच्याखालून हात घालून दोन अंडी काढली आणि कच्चीच फोडून प्याली. शेजारी कळशी होती, तिच्यातलं पाणी तिने हाताला आलं तेवढं घेतलं, उरलेलं ताटलीत ओतलं. "माझ्या दोन अंड्यांच्या बदल्यात त्यांना पाणी द्यायला नको?" असं तिचं म्हणणं.

सासूबाईंनी तिचं डोकं मांडीवर घेतलं. मी विचारलं, "मावशी, हाका का नाही मारल्यास?"

"मारल्या की पहिल्यांदा. या बयांपुढे कोणाला ऐकू जातं? मग म्हटलं कशाला घसा फोडायचा. तू बघतेच आहेस ना." तिने दाराकडे बोट केलं. "त्या फटीकडे बघत हात हलवत होते मी. काल सकाळी, दुपारी. म्हटलं, दिसलं की येईल. पोरगी हिंडती-फिरती झाली आहे तुझी, वेळ लागत असेल."

तिला वाटत होतं की कॅमेरा बंद दारातूनही बघतो. मला वाटत होतं की रिकामं फोल्डर म्हणजे सुख. दोघींत जास्त अडाणी कोण, हे तुम्हीच ठरवा.

दानियलने फार्मची पिकअप बोलावली, अंड्यांचे ट्रे उतरवून तिच्यात खाट ठेवली. दिवलीबाई खाटेवर आडवी, आणि हट्ट एकच, भुऱ्याला बरोबर घ्या, तो मागे उपाशी राहील. सासूबाई म्हणाल्या, "दवाखान्यात कोंबडा नेला तर डॉक्टर त्यालाच आधी कापतील." तेव्हा कुठे ती गप्प झाली. नडगीचं हाड मोडलं होतं. प्लास्टर, दीड महिना, आणि डॉक्टर म्हणाले, अजून एक दिवस गेला असता तर पाण्यावाचून अवघड झालं असतं.

दवाखान्याच्या ओसरीवरून मी भिलाला फोन लावला. त्याआधी तीन वेळा नंबर काढून तीन वेळा बंद केला होता.

"भिलाभाऊ, मी मघाशी खोटं बोलले. आई दिसली नव्हती. दीड दिवस दिसली नव्हती. मला माहीत होतं की फोल्डर रिकामं आहे. मी फक्त ते बघून खूश झाले होते."

पलीकडचा मशीनचा आवाज बंद झाला. मग तो म्हणाला, "जिवंत आहे ना?"

"आहे. डॉक्टरांना विचारतेय, प्लास्टरवर कोंबडी बसली तर चालेल का."

तो हसला की रडला ते मला नीट कळलं नाही. संध्याकाळच्या गाडीने तो निघाला.

दुसऱ्या दिवशी दवाखान्यातून परतल्यावर तो आमच्याकडे आला, शिलाई मशीनसमोर बसला. मी बोलणी खायची तयारी ठेवली होती. तो एवढंच म्हणाला, "ती शेवटची फाइल दाखवा."

शुक्रवार, संध्याकाळचे सहा वाजून बारा मिनिटं. हिरव्या लुगड्यातली दिवलीबाई कोंबड्या हाकत आत नेतेय. ओठ हलताहेत, मोजतेय. अकरा आत गेल्या, भुऱ्या अडून बसला, त्याला पायाने ढकललं. मग दार लावायच्या आधी ती वळली, सरळ कॅमेऱ्याकडे बघितलं आणि हात हलवला. म्हणजे, आटोपलं माझं, आता तूही झोप.

मी गुरुवारची शेवटची फाइल उघडली. हात हलवला. बुधवारची उघडली. हात हलवला. मंगळवारी दोन वेळा, कारण पहिल्यांदा भुऱ्या आडवा आला. पट्टी हिरवी झाल्यापासून मी चार-पाच दिवसांनी एकदाच पुसायचे, म्हणून एवढे तरी उरले होते; त्याच्या मागचं मी पुसून टाकलेलं होतं. किती महिने ती रोज संध्याकाळी मला हात करत होती आणि मी दुपारी ते हात जीबीत मोजून फेकून देत होते.

भिला स्क्रीनकडे बघत म्हणाला, "हिरवंच नेसली आहे." मग उठून बाहेर गेला, आणि बराच वेळ भुऱ्याला दाणे टाकत बसला.

दिवलीबाई प्लास्टरसकट आमच्याकडे आली. सुरतेला नकोच म्हणाली. भिलाने खूप समजावलं, शेवटी सासूबाईंनीच मध्ये पडून ठरवलं, पाय जुळेपर्यंत इथेच. खाट एक नंबरच्या कॅमेऱ्याखाली. तिच्याबरोबर कोंबड्याही आल्या. आता त्या तीन, पाच आणि सहा नंबरमध्ये फिरायच्या. पट्टी चार दिवसांत लाल. दानियल म्हणाला, "फार्म घरीच उघडू." लाल पट्टी बघून कधी नव्हे ते बरं वाटत होतं. हलतंय म्हणजे आहे.

प्रेमचंदभाऊ एकदा डिस्क बघायला आले. या वेळी मी आधी चहा दिला आणि मग समोर बसून सगळं ऐकून घेतलं, वहीत लिहूनही. एक फाइल कुलूप लावून कशी ठेवायची, की ती कधीच पुसली जाणार नाही, ते त्यांनी शिकवलं. शुक्रवारच्या सहा बाराला कुलूप आहे. रिनाची पहिली पावलं गेली ती गेलीच. त्याबद्दल मी अजूनही भुऱ्याशी बोलत नाही.

जाता जाता प्रेमचंदभाऊ खाटेवरच्या दिवलीबाईला म्हणाले, "माय, आते कसं शे?"

"बरी शे," ती त्यांच्याच बोलीत म्हणाली. "पन हाई पोर दिनभर माले देखत ऱ्हास. डोळा लागू देत नही."

खरं आहे. मी आता माणूसच बघते. कॅमेरे आहेत, चालू आहेत, पण रोज सकाळी आणि संध्याकाळी मी स्वतः तिच्या समोर जाऊन उभी राहते. ती म्हणते, "पुन्हा आलीस?" मी म्हणते, "हो."

पाय जुळला. गेल्या महिन्यात ती आपल्या घरी गेली, काठी टेकत, मागे वरात. कोंबड्या मोकळ्या असतात दिवसभर, आणि पाण्याची ताटली अंगणात. चार नंबर पुन्हा नऊ जीबी.

आता माझी अडचण सांगते, आणि म्हणूनच हे सगळं लिहायला बसले. नाताळात मी आठ दिवस माहेरी चालले आहे, अक्कलकुव्याला. आई कधीची बोलावतेय, रिनाला पळताना तिने अजून बघितलेलं नाही. दानियल एरवी दिवसभर फार्मवर, आणि दोन दिवस तोही तिकडे येणार. सासूबाई आहेत घरी, पण त्यांचे गुडघे पुन्हा रुसलेत. कॅमेरे मोबाइलवर जोडून द्या असं मी प्रेमचंदभाऊंना म्हटलं, तर ते म्हणाले, "जोडी देस. पन तुमले आते माहित शे ना?" माहीत आहे.

म्हणून तुम्हाला सांगते. त्या आठ दिवसांत तुम्ही नवापूरवरून सुरतेकडे जात असाल, आणि अर्धा तास हाताशी असेल, तर आमच्या गावात या. शेवटचं घर, फाटकावर कॅमेरा, समोर गाडीवाट, पलीकडे तिचं दार. धूर निघतोय का बघा. निघत असला तरी पुढे जा, कडी वाजवा, नाव घेऊन हाक मारा. कोंबडा अंगावर येईल, त्याला घाबरू नका, तो सगळ्यांशीच तसा वागतो. दिवलीबाई बाहेर आली की तिला सांगा, लिडियाने पाठवलंय. आणि निघताना एकदा मागे वळून बघा. ती हात हलवत असेल. तुम्हीही हलवा.